चार बोटं भिंत

तारीख चौदा मे, शनिवार. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं त्या उन्हाळ्यातली. खिशात पाचशे रुपये, फोटो छापून घेण्यासाठी वेगळे काढलेले. हजर तिघं: मी, माझी बायको सुलोचना आणि माझ्या मावसभावाचा मुलगा गुरुनाथ. जागा नांदेड, गुरुनाथच्या घराची पुढची खोली. आडतीच्या दुकानात अर्धं आयुष्य लिहिण्याचं काम केलं, त्यामुळे काहीही सांगायचं झालं की माझी सुरुवात अशीच होते.

कशासाठी गेलो होतो तेही आधीच सांगतो. आमच्या पहिल्या मुलीचे, चिमीचे, डोळे कसे होते ते बघायला.

मला वाटतं ते घारे होते. सुलोचना म्हणते, काळेभोर. आम्ही यावर कधी भांडलो नाही. एखाद्या दुपारी मेथी निवडता निवडता ती मध्येच म्हणते, "काळेच होते," आणि मी पेपर पुढे वाचत राहतो. नंतर मुलगा झाला, त्याच्या फोटोंनी दोन अल्बम भरले. चिमीचा एकच फोटो आहे आणि त्यात तिचं तोंड आलेलं नाही.

गुरुनाथचा फोन आठवड्यापूर्वी आला होता. "काका, अप्पांचे डबे काढलेत माळ्यावरचे. भंगारवाला फिल्मा किलोवर मागायलाय, चांदी निघते म्हणतो. तुमचं काही असंल तर बघून जावा, मग देऊन टाकतो."

त्याचे अप्पा म्हणजे आमचा मन्मथअण्णा. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात त्याचा फोटो स्टुडिओ होता. गुरुनाथने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उचकटलं आणि खोलीत तो वास आला. आंबूस, जुन्या शिरक्यासारखा, त्यात थोडा ओल्या कागदाचा. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा वास. सुलोचनाने पदर नाकाला लावला नाही. ती डब्यावर थोडी पुढे वाकली. डब्याशेजारी गुरुनाथने कॅमेराही आणून ठेवला होता. त्याच्या चामड्याच्या खोळीला पांढरी बुरशी धरली होती.

त्या बोळात तो वास बारा महिने असायचा. पण मला तो त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यासकटच आठवतो. आदल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला होता. ज्या कामाला उस्मानाबादची बस धरावी लागायची, ते काम आता चालत जाऊन व्हायचं. भाड्याच्या घरांतून कचेऱ्या बसल्या. कुणाच्या माडीवर अमुक अधिकारी, कुणाच्या तबेल्यात तमुक विभाग. गावभर नव्या पाट्यांच्या रंगाचा वास होता. संध्याकाळी चहाच्या गाड्यावर माणसं 'आपला जिल्हा' हे शब्द तोंडात घोळवून बघायची. आणि पाऊस हुलकावणी देऊन गेला होता. दिवाळीतच विहिरींचे तळ दिसायला लागले. होळीपर्यंत पाट्या तेवढ्या नव्या राहिल्या, नळ कोरडे पडले.

टँकर यायचा त्याच्या आधी त्याचा आवाज यायचा. आवाजाआधी घागरींचा. रात्रीच रांगेत लावून ठेवलेल्या घागरी पहाटे वाऱ्याने एकमेकींवर आपटायच्या. तो पोकळ आवाज ऐकून सुलोचना उठायची, चिमीला माझ्या कुशीत सरकवायची आणि जायची. चिमीच्या टाळूला खोबरेल तेल आणि वेखंडाचा वास यायचा. हे मी खात्रीने सांगू शकतो. वासाबद्दल आमचं दोघांचं एकमत आहे.

अण्णाचं काम पाण्याचं. फोटो हायपोतून काढला की तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर तो आतून कुजत जातो, असं अण्णा सांगायचा. त्या उन्हाळ्यात वाहतं पाणी कुठून आणणार? मग त्याने एक रीत पाडली. फोटो पाहिजे असेल तर गिऱ्हाइकाने पाण्याची घागर आणायची. पैसे नंतर दिले तरी चालतील, घागर आधी. बोळात मोठी मजा असायची. पोरगी दाखवायला फोटो काढायचाय म्हणून नटूनथटून आलेली घरंच्या घरं, आणि पाठीमागे नवरीचा बाप डोक्यावर घागर घेऊन. नव्या कचेरीतल्या एका साहेबाने पट्टेवाल्याकडून दोन घागरी पाठवल्या होत्या. अण्णा म्हणाला, "साहेबाचं तोंड मोठं हाय, दोन लागत्यालच."

हे असं बोलून तो स्वतः हसायचा नाही. एक डोळा बारीक करून उभा राहायचा, कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघतोय असा.

त्याचा जुना कॅमेरा साधा होता. फोटो घेणारं भिंग मध्ये, आणि बघायची काचेची खिडकी वेगळी, वरच्या अंगाला. एकदा मी विचारलं होतं, बघतोस एकातून, घेतोस दुसऱ्यातून, मग बघितलेलंच येतं कशावरून? त्याने मला माझंच बोट नाकासमोर धरायला लावलं. "हा डोळा झाक. आता तो झाक. बोट हललं?" हललं. "आता त्या निंबाकडं बघ. निंब हलला?" नाही हलला. "हेच. लांबचं जसं दिसतं तसंच येतं. जवळचं सरकतं. खिडकी वरचं दाखवती, भिंग खालचं घेतं. म्हणून माणूस जवळ बसला की खिडकीत डोक्यावर चार बोटं भिंत जास्त धरायची. नाहीतर डोकं कापलं जातं. आन् खाली काही कापल्यागत दिसलं तर भ्यायचं न्हाई. खालचं येतंच."

चार बोटं भिंत. त्याच्या हाताला ते इतकं बसलं होतं, की गप्पा मारता मारताही कुणी पुढ्यात बसलं तर त्याची मान आपोआप थोडी वर व्हायची.

जिल्ह्याचे समारंभ सुरू झाले, तेव्हा त्याने हैदराबादहून हा दुसरा कॅमेरा आणला. जुनाच, पण जपानी. मला तो हातात धरून बघायला दिला. आत काचेत एक पिवळसर उजळ चौकट तरंगत होती. चौकटीच्या आत जे, ते फोटोत. अण्णाने भिंगाभोवतीचं कडं जवळच्या अंतरावर फिरवलं आणि ती चौकट आतल्या आत खाली सरकली. उलट फिरवलं, परत वर गेली.

"चौकट ढिली हाय," अण्णा म्हणाला. "दुकानवाल्याच्या ध्यानात न्हाई आलं. मी तेवढं दाखवून भाव पाडून घेतला. पण भिंग बघ. भिंग एक नंबर हाय."

कचेऱ्यांची उद्घाटनं, मंडपातली गर्दी, ट्रॅक्टरवरची मिरवणूक, सगळं त्याने त्यातून काढलं आणि सगळं झकास आलं. ते सगळं लांबचं होतं.

फाल्गुनात एका सकाळी तो आमच्या घरी आला. रोलमध्ये दोन-तीन फोटो उरलेत, म्हणाला, बाळाचा काढून टाकतो. माझी आई, आमची अव्वा, नको म्हणत होती, वर्षाच्या आतल्या लेकराचा फोटो काढू नये म्हणून. अण्णाने तिला पान देऊन गप्प केलं. सुलोचना हिरव्या इरकलीत भिंतीला टेकून बसली. चिमीला मांडीत उभं धरलं. चिमीला टोपडं, कपाळावर काजळाची तीट. भिंत नुकतीच चुन्याने रंगवलेली, तिचा गार वास येत होता. दारातून उन्हाचा पट्टा दोघींच्या अंगावर बरोबर पडला होता. चिमी काळ्या पोतीचे मणी मुठीत धरून ओढत होती आणि सुलोचना हसू दाबून "सोड, सोड की गं" म्हणत होती.

अण्णा पुढे सरकत सरकत अगदी जवळ आला.

"एवढ्या जवळून?" सुलोचना म्हणाली.

"डोळं यायला पाहिजेत लेकराचं. लांबून काढायला हे काय मंत्र्याचं भाषण हाय?"

तो उकिडवा बसला. कडं फिरवलं. मान थोडी वर गेली. क्लिक असा बारीक आवाज झाला, सुपारी कातरल्यासारखा. चिमीने आवाजाकडे बघितलं. म्हणजे नक्कीच बघितलं असणार.

तसला दुसरा एकच निघाला आणि रोल संपला. दुसऱ्यात चिमी हलली होती, तो फोटो नुसता धूर. पाण्याचं काय, असं अण्णाने विचारलं, तेव्हा घरात एकच घागर होती. सुलोचनाने अर्धी त्याला दिली. उरलेल्या अर्धीत चिमीची आंघोळ झाली.

"अर्धीवर भागवायलीस व्हय?" अण्णा म्हणाला. "अर्धी तुझ्याकडं बाकी राहिली बघ."

"पाऊस पडला की देते."

"लिहून ठेवू?"

"ह्यांना सांगा, लिहायचं काम त्यांचं."

चार दिवसांनी फोटो आला. पोस्टकार्डाएवढा, पांढरी कडा. वर भिंत. चांगली चार बोटांपेक्षाही जास्त, चुन्याची, स्वच्छ, एकही डाग नसलेली भिंत. तिच्या खाली सुलोचना, आयुष्यात परत कधी आली नाही इतकी सुंदर. आणि अगदी तळाशी टोपड्याचा वरचा गोल आणि पोत धरलेली मूठ. तिथे फोटो संपत होता.

अण्णा फोटो उलटासुलटा करून बघत राहिला. "खालचं यायला पायजे होतं," एवढंच म्हणाला.

सुलोचना तेव्हा हसली होती. खरंच हसली होती. "अण्णांनी भिंतीचा फोटो काढला. भिंत कशी नाकी-डोळी नीटस आली." अव्वाही हसली. आठ दिवस घरात तीच चेष्टा. कुणी आलं की सुलोचना फोटो दाखवायची. "ही आमची भिंत. खाली मी आणि चिमी पण आहोत." अण्णा कान धरायचा. "पाऊस पडू दे गं. धुवायला पाणी येऊ दे. अख्खा रोल हिच्यावर मारतो. तेव्हा तुला पण घेणार न्हाई, एकटी चिमी."

वैशाखात चिमी गेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही. त्या दिवशी घागरी रांगेत होत्या, एवढं आठवतं. आमच्यात माती देतात. इतक्या लहान लेकराच्या जागेवर दगड ठेवत नाहीत. आता तिथे वस्ती झाली आहे, सिमेंटचा रस्ता आहे, आणि मला जागा दाखवता येणार नाही.

पाऊस मृगातच आला. चांगला आला. बोळातून गुडघाभर पाणी वाहिलं. अण्णाच्या स्टुडिओच्या पायरीवरून ते आत शिरत होतं आणि अण्णा खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. मी छत्री मिटून दारात उभा राहिलो. मग त्याने तो कॅमेरा उचलला, समोरच्या कोनाड्यातल्या दिव्याच्या चिमणीवर धरला, कडं फिरवलं आणि माझ्याकडे दिला.

"चौकट ढिली नव्हती रे," तो म्हणाला. "जवळचं धरलं की तीच सरकून देती. जेवढं येणार तेवढंच दाखवती. मी वरून आणिक चार बोटं सोडली. चिमी मला चौकटीच्या भाईर दिसत होती. मी म्हणालो, येतंय की. खालचं येतंच."

मी कॅमेरा त्याला परत दिला.

दसऱ्याच्या आधी त्याने स्टुडिओ उचलला आणि नांदेडला गेला. लोक म्हणाले, नव्या जिल्ह्यात धंदा वाढायच्या वेळी हा मूर्ख गाव सोडून चाललाय. नांदेडला त्याने पासपोर्टचे फोटो काढले, तेही जुन्या स्टँडच्या कॅमेऱ्याने. घरी येणं-जाणं चालू राहिलं, लग्नाकार्यात भेट व्हायची. पण भिंतीची चेष्टा परत कुणी केली नाही आणि सुलोचनाने अर्ध्या घागरीचा शब्द काढला नाही. तो वारला त्याला सहा वर्षं झाली.

फोटो आमच्या देवघराच्या बाजूला होता. अर्ध्या घागरीत धुतलेला. पहिल्यांदा खालची कडा पिवळी पडली. मग चहा सांडावा तसा तपकिरी डाग वर चढायला लागला, काही वर्षांत बोटभर. टोपडं त्यात गेलं. गेल्या वर्षी मूठही गेली. सुलोचना चष्मा लावून, फोटो उन्हात धरून विचारायची, "मूठ दिसती का हो?" मी म्हणायचो, दिसते. भिंत मात्र अजून पांढरी आहे.

गुरुनाथने डब्यातले कागदाचे लखोटे एकेक करून काढले. अण्णाच्या अक्षरात नावं. आमचं नाव सापडायला अर्धा तास लागला. फिल्मचा तो तुकडा त्याने खिडकीशी धरला. नखाएवढ्या चित्रात काळी भिंत, पांढरे केस, काळं तोंड. सगळं उलटं. खाली काहीतरी होतं.

"काका, फोटोत असतं त्यापेक्षा फिल्मवर जरा जास्त असतं," गुरुनाथ म्हणाला. "पोस्टकार्डाचा कागद लांबट. वरचं-खालचं थोडं कापलं जातं. वर पांढरी कडा सोडायची म्हणून आणिक दाबलं जातं. अप्पा सांगायचे. आता किती जास्त ते मी सांगू शकत न्हाई."

"चल," सुलोचना म्हणाली. ती चप्पल घालूनच बसली होती.

वजिराबादेत एका पोराचं दुकान आहे, कॉम्प्युटरवर जुन्या फिल्मा छापून देतो. त्याने फिल्म पुसली, यंत्राच्या काचेवर ठेवली. "पूर्ण घेतो, कडेपासून कडेपर्यंत," म्हणाला. पडद्यावर चित्र वरून खाली, पट्टी पट्टीने उतरायला लागलं.

आधी भिंत. भिंतीवर भिंत. चुन्याच्या कुंचल्याच्या रेघा दिसत होत्या, कागदावर त्या कधी दिसल्या नव्हत्या. मग सुलोचनाचा भांग, कपाळ, दाबलेलं हसू. शेजारी उभ्या असलेल्या, साठीला टेकलेल्या बाईचा श्वास ऐकू येत होता. मग गळा. पोत. पोतीला धरलेली मूठ, पाचही बोटं, नखांसकट. टोपडं. टोपड्यावरचा कशिदा. इथपर्यंत आमच्याकडे होतं.

मग पुढची पट्टी उतरली. कपाळ आलं. कपाळावरची तीट, जरा डावीकडे गेलेली. अजून एक पट्टी. दोन भुवया. बारीक, विरळ, मध्ये किंचित वर उचललेल्या, समोर कुणीतरी आवाज केल्यावर उचलाव्यात तशा.

त्याच्या खाली फिल्मच्या कडेची चौकोनी भोकं होती. रांगेने.

पोराने माऊस सोडला. "एवढंच आहे काका."

"डोळे?" सुलोचनाने विचारलं.

"नाहीत," मी म्हणालो.

"नीट बघा."

मी नीट बघितलं. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून बघितलं.

"नाहीत."

ती म्हणाली, "भुवया तुमच्यासारख्या होत्या. हे मी विसरलेच होते." मग चष्मा काढून पदराने पुसत राहिली. काळे का घारे, हे आता कधीच ठरणार नाही. ते तिलाही कळलं होतं, कारण त्या दिवसानंतर तिने तो विषय काढलेला नाही.

"काकू, वरची भिंत कापून टाकू का?" पोराने विचारलं. "रिकामी जागा लई झालीय. कापली की तुम्ही मोठ्या दिसाल, फोटो भरल्यासारखा वाटेल."

"भिंत राहू द्या," सुलोचना म्हणाली. "ती अण्णांनी काढलीय."

परत गुरुनाथच्या घरी आलो. चहा झाला. बसला अजून वेळ होता. सुलोचना स्वयंपाकघरात गेली आणि गुरुनाथच्या बायकोला म्हणाली, "एक घागर दे गं. अर्धी भर." तिला वाटलं, लातूरला पाणी नाही म्हणून काकू घरी न्यायला मागायल्यात. म्हणाली, "पूर्ण भरते की, आमच्याकडं नळ येतो." सुलोचना म्हणाली, "न्हाई. अर्धीच."

घागर प्लास्टिकची होती, निळी. रिक्षात ती सुलोचनाने मांडीवर धरली, हिंदकळू नये म्हणून वर हात ठेवून. गुरुनाथ पुढे बसून रिक्षावाल्याला रस्ता सांगत होता. रुद्रभूमीत, जिथे अण्णाला माती दिली, तिथे सिमेंटचा बुटका ओटा आहे. त्याच्या आजूबाजूची जमीन भेगाळलेली. सुलोचनाने घागर दोन्ही हातांनी उचलली आणि हळूहळू, सगळीकडे सारखं पडेल असं, पाणी ओतलं. तापलेल्या सिमेंटचा वास आला. भेगांनी पाणी पिऊन टाकलं आणि आम्ही फाटकापर्यंत पोचेपर्यंत ओटा पुन्हा होता तसा कोरडा दिसायला लागला.

फोटोची एक प्रत, एकशे ऐंशी रुपये, वजिराबादच्या पोराला. पाचशेतले उरलेले तीनशे वीस सुलोचनाने गुरुनाथच्या लेकीच्या हातात ठेवले. अर्धी घागर पाणी, मन्मथअण्णाला.